शुक्रवार पेठेतलं जुनं घर : दुरुस्तीसाठी कर्ज काढावं का?

माडीवरची
नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा मनापासून सल्ला द्यावा, आमच्या घरात महिनाभर दुसरा विषय नाही.

कोल्हापुरात गंगावेशीतून पंचगंगा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत एक जुनं घर विकायचं आहे. पुढे सोपा (ओसरी), मग मधलं घर, स्वयंपाकघर, मागं छोटं परडं, वर माडी. खालच्या भिंती दगड-मातीच्या, वर भेंड्याच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या. सागवानी तुळया, मंगलोरी कौलं. मालक पुण्यात असतात, घर बरीच वर्षं बंद आहे. किंमत ४२ लाख सांगतात. एका कंत्राटदारानं फिरून बघितलं आणि दुरुस्तीला १२ लाख लागतील म्हणाला.

आमच्याकडं १६ लाखांची शिल्लक आहे. ३३ लाख गृहकर्ज घेतलं तर पदरचे ९ लाख आणि वर स्टॅम्प ड्युटी, नोंदणी. म्हणजे हातात जेमतेम ४ लाख राहतात. दुरुस्तीचे १२ लाख वेगळ्या कर्जातून काढावे लागतील. व्याज ९ टक्के धरलं तर ३३ लाखांचा २० वर्षांचा हप्ता २९,६९१ आणि १२ लाखांचा १० वर्षांचा १५,२०१. दोन्ही मिळून ४४,८९२. आमच्या दोघांचा हातात येणारा पगार ९२,०००. सध्या फुलेवाडीत ११,००० भाडं भरतो.

याच पैशात कळंब्याच्या बाजूला नवा टू बीएचके येतो, हे ठाऊक आहे. पण माझी शाळा पेठेत आहे, सासूबाईंना कपिलतीर्थ मंडई आणि अंबाबाईचं देऊळ चालत जाता येईल, आणि आम्हाला जमिनीवरचं घर हवंय. घर आवडलंय हे लपवत नाही. प्रश्न एवढाच की या दुरुस्तीच्या कर्जात शहाणपणा आहे का?

परसबाग
ताई, पगारातले निम्मे हप्त्यात जाणार. त्यात सासूबाईंचं औषधपाणी, मुलं असतील तर त्यांची फी. माझं मत स्पष्ट आहे. घर घ्या, पण दुरुस्तीला कर्ज काढू नका. आम्ही मंगळवार पेठेतलं सासऱ्यांचं घर राहून राहून दुरुस्त केलं. पहिल्या वर्षी छप्पर, मग न्हाणी-संडास, मग वायरिंग. दिवाळीचा बोनस आला की एक काम. वेळ लागला, पण बँकेचं देणं डोक्यावर नव्हतं.

ओळंबा
परसबागताई, तुमच्या घरात राहून काम करता आलं कारण भिंती धड असणार. इथं मूळ प्रश्न कर्जाचा नाहीच अजून. १२ लाख हा आकडा आला कुठून? कंत्राटदारानं फिरून बघितलं म्हणजे नजरअंदाज. पेठेतल्या माती-दगडाच्या घराचा अंदाज उघडून बघितल्याशिवाय कुणी देऊ शकत नाही. मी देत नाही आणि माझा व्यवसायच हा आहे.

बघायचं काय ते सांगतो. तुळई मधे सहसा कुजत नाही, ती कुजते भिंतीत घुसलेल्या टोकाला. तिथं गिलावा थोडा काढायचा आणि पेचकस दाबून बघायचा. पाव इंच आत गेला तर वाळवी किंवा ओल पोचलेली आहे. मग ती तुळई बाहेरून कितीही चकचकीत दिसो. सगळ्या तुळयांची दोन्ही टोकं बघायची, विशेषतः परड्याकडच्या आणि पन्हाळीखालच्या. मग भिंती. वरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडायचा. वर आणि खाली फरक पडत असेल, मधे पोट आलं असेल, तर दगडाचे दोन पदर एकमेकांपासून सुटलेत. ते काम खर्चाचं. खालच्या तीन फुटांत पांढरी बुकटी फुटलेली दिसली तर पायातून ओल चढते आहे.

आणि एक गोष्ट जरूर तपासा. मागच्या कुणी मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा मारलाय का? तो मारला की भिंतीतली ओल बाहेर पडत नाही, आतल्या आत माती मऊ होत राहते. बाहेरून घर नवं दिसतं आणि आतून भिंत खचत असते. असा गिलावा काढून चुन्याचा करावा लागतो, आणि तो करणारे गवंडी कोल्हापुरात आता शोधावे लागतात.

हे सगळं संचकार, म्हणजे विसार देऊन करार, करायच्या आधी करा. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी जाईल, जाऊ दे.

घाटउतार
ओळंबादादांनी भिंतीचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो. मी त्याच भागातला. घाटाकडच्या गल्ल्या म्हणताय तर पहिला प्रश्न हा की २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला नदी ५५ फुटांच्याही वर गेली होती. आमच्या भागात एका गल्लीत कमरेएवढं पाणी आणि चार घरं वर उंबरा कोरडा, असा फरक असतो. मालकाला विचारू नका. समोरच्या आणि शेजारच्या घरात जाऊन विचारा, लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात कुठवर आलं होतं ते. महापालिकेच्या नगररचना विभागात निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा बघा. घर निळ्या रेषेच्या आत असेल तर पुढं काही बांधायचं म्हटलं की अडचणच.

दगड-मातीची भिंत चार-पाच दिवस पाण्यात उभी राहिली तर आतली माती वाहून जाते. पाणी ओसरल्यावर घर उभं दिसतं, म्हणून ते धड असतंच असं नाही.

माडीवरची
घाटउतार, शेजारी विचारून आले. २०१९ ला गल्लीच्या तोंडाशी पाणी होतं, या घराच्या दोन पायऱ्या भिजल्या, आत आलं नाही असं दोन वेगवेगळ्या घरांत सांगितलं. २०२१ लाही तसंच. नकाशा बघायला हे जाणार आहेत.

परसबागताई, थोडं थोडं करायचा विचार आम्हीही केला. पण छप्पर गळत असताना सासूबाईंना तिथं कसं ठेवणार? आणि फुलेवाडीचं भाडं चालू ठेवलं तर तेही ११,००० महिना.

निवृत्त_शाखाधिकारी
ताई, मी सहकारी बँकेत कर्ज विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. कागदांचं बोलतो, कारण कोल्हापुरातल्या जुन्या घरांची कर्जं भिंतींपेक्षा कागदांवर जास्त अडतात.

सिटी सर्व्हे ऑफिसमधून मालमत्ता पत्रक काढा, म्हणजे आपलं प्रॉपर्टी कार्ड. त्यावर किती नावं आहेत ती मोजा. पेठेतल्या घरांवर आजोबांचं नाव गेलं की मुलं आणि मुली सगळ्यांची वारस नोंद लागते. विकणारा एक भाऊ असतो आणि कार्डावर बहिणींचीही नावं असतात. त्या सगळ्यांची खरेदीखतावर सही पाहिजे, नाहीतर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहिजे. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजे तपासल्याचा अहवाल, घ्या. घरफाळा आणि पाणीपट्टीची थकबाकी बघा, बंद घराला ती हमखास असते. खाली किंवा माडीवर कुणी जुना भाडेकरू आहे का? असेल तर भाडे नियंत्रण कायदा आला, आणि तो विषय वेगळाच.

आता कर्जाचं. ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंत बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच गृहकर्ज देऊ शकते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. तुमचं ३३ लाख त्यात बसतं. पण किंमत म्हणजे तुमच्या दस्तातली रक्कम आणि बँकेच्या व्हॅल्युअरनं काढलेली रक्कम यांतली कमी असेल ती. जुन्या माती-दगडाच्या बांधकामाला व्हॅल्युअर फार किंमत देत नाही, जागेची धरतो. त्यामुळं ४२ लाखांच्या घराचं मूल्यांकन ३७ लाख आलं तर कर्ज ३० लाखांच्या आसपास उतरेल आणि फरक तुमच्या खिशातून. हे आधी काढून घ्या.

दुरुस्तीचं कर्ज एकदम हातात मिळत नाही. इंजिनिअरचं अंदाजपत्रक लागतं, रक्कम टप्प्याटप्प्यानं सुटते, मधे बँकेचा माणूस येऊन काम बघतो. त्यातही तुमचा काही वाटा आधी घालावा लागतो. पहिला टप्पा सुटेपर्यंत कंत्राटदाराला द्यायचे पैसे तुमच्याकडं पाहिजेत. म्हणून हातातले ते ४ लाख सोफ्यात आणि फ्रिजमध्ये घालवू नका.

शक्य असेल तर दोन्ही कर्जं एकाच बँकेतून घ्या. गहाण एकदाच होतं, सर्च एकदाच. आणि कर्जाबरोबर एकरकमी हप्त्याचा विमा गळ्यात मारायचा प्रयत्न झाला तर तो सक्तीचा नसतो एवढं लक्षात ठेवा.

खणाची_माडी
पर्सनल लोन घ्या, कटकट नाही. माझ्या मेहुण्यानं घेतलं, दोन दिवसांत पैसे.

जमाखर्च
१२ लाख, १३ टक्के, ५ वर्षं : हप्ता २७,३०४. ताईंच्या पगारातून तो बसणार कुठं? नको.

मी करसल्लागार आहे, म्हणून कराचा गैरसमज आधी दूर करतो. गृहकर्जाच्या व्याजावर दोन लाखांची वजावट सगळ्यांना माहीत असते आणि लोक धरून चालतात की दुरुस्तीच्या कर्जालाही तीच. तसं नाही. स्वतः राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाला वर्षाला फक्त ३०,००० रुपयांची मर्यादा आहे, आणि तीही त्या दोन लाखांच्या आतच. तीसुद्धा जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला काहीच नाही. फेडलेल्या मुद्दलावरची वजावटही दुरुस्तीच्या कर्जाला मिळत नाही.

ताईंचा आकडा घेऊ. १२ लाखांवर पहिल्या वर्षीचं व्याज साधारण १ लाख ५ हजार. त्यातले ३०,००० धरले आणि २० टक्क्यांचा टप्पा असला तर सेससह ६,२४० रुपये वाचतात. तेही खरेदीच्या कर्जाच्या व्याजानंच दोन लाख भरले नाहीत तर. ३३ लाखांवर ९ टक्क्यांनी ते पहिल्याच वर्षी भरतात. तुम्ही दोघं सहमालक आणि सहकर्जदार असाल तर प्रत्येकाची मर्यादा वेगळी धरता येते, तो थोडा फायदा. एकूण, करासाठी म्हणून हे कर्ज घेण्यात अर्थ नाही.

बिलं मात्र सगळी जपून ठेवा. उद्या घर विकलंत तर घरात कायमची भर घालणारा खर्च भांडवली नफ्यातून वजा होतो. रंगरंगोटी त्यात धरत नाहीत. छप्पर, नवा संडास, वायरिंग धरता येतं.

घर एकट्या ताईंच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे. ४२ लाखांवर ४२,०००. पण मग सहमालकीचा वरचा फायदा जातो. दोन्हीचा हिशेब मांडून ठरवा.

परसबाग
बघा, कराचाही फायदा नाही. मी म्हणत होते तेच.

ओळंबा
कराचा फायदा नाही म्हणून कर्जच नको, हे मला पटत नाही. दुरुस्तीत दोन प्रकारची कामं असतात. छप्पर, तुळया, भिंती, पायाची ओल, सांडपाणी, वायरिंग ही एका वेळी करायची कामं. छप्पर उतरवलं की वरच्या भिंतीची डोकी उघडी असतात, त्याच वेळी ती बांधून घ्यायची आणि तुळयांची टोकं बदलायची. पुढच्या वर्षी करायचं ठरवलं तर परांची पुन्हा बांधा, कौलं पुन्हा उतरवा, निम्मी फुटतात. यासाठी कर्ज काढणं मला योग्य वाटतं, कारण उशीर केला तर घरच कमी होत जातं. मॉड्युलर किचन, फॉल्स सिलिंग, व्हिट्रिफाइड फरशी ही दुसरी कामं. त्यांच्यासाठी १० वर्षं व्याज भरू नये. सोप्यातली शहाबादी घासून घ्या, सुंदर निघते.

घाटउतार
+१. आणि आपल्या भागात तळमजल्याला प्लायवूडचं काही करूच नका. कडाप्प्याचा ओटा, कडाप्प्याची मांडणी. मीटर आणि मेन स्विच छातीच्या वर. वायर खालून फिरवायच्या नाहीत, वरून आणायच्या. आणि घराचा विमा घ्या. भारत गृह रक्षा नावाची प्रमाणित पॉलिसी जवळपास सगळ्याच जनरल इन्शुरन्स कंपन्या देतात, पूर त्यात येतो. बांधकामाचं वर्णन मात्र खरं लिहा, दगड-माती तर दगड-माती.

खणाची_माडी
पाडून नवंच का बांधत नाही? स्लॅबचं घर, वर दोन मजले, भाडं येईल.

ओळंबा
पाडलं की आजचे नियम लागू. पुढं रस्तारुंदीची रेषा, बाजूला मोकळी जागा, पूररेषेजवळ असेल तर जोत्याची उंची. पेठेतल्या छोट्या जागेत त्यात किती क्षेत्र जातं ते नकाशा काढल्यावरच कळतं. आणि १२ लाखांत ते होत नाही. कौलं बदलणं, गिलावा, फरशी असल्या दुरुस्तीला साधारणपणे बांधकाम परवाना लागत नाही. भिंत काढून कॉलम-बीम टाकायचे, कौलाच्या जागी स्लॅब टाकायचा म्हटलं की लागतो, आणि परवान्याशिवाय त्या कामाला बँक पैसे सोडणार नाही.

माडीवरची
सगळ्यांचे खूप आभार. बरंच काही हललंय, सांगते.

स्ट्रक्चरल इंजिनिअर घेऊन गेलो होतो. ओळंबादादांनी सांगितलं तसंच त्यांनी केलं, पेचकस आणि ओळंबा दोन्ही. माडीच्या तुळयांपैकी परड्याकडच्या तिघींची टोकं गेली आहेत, बाकीच्या ठणठणीत. पुढची भिंत सरळ आहे. मागच्या भिंतीला माडीच्या पातळीवर पोट आहे, ती तेवढी उतरवून बांधावी लागेल. सिमेंटचा गिलावा फक्त न्हाणीच्या बाजूला आहे. त्यांचं अंदाजपत्रक : छप्पर, तुळया, मागची भिंत, ड्रेनेज, वायरिंग, संडास-न्हाणी मिळून ९ लाख. फरशी, ओटा, रंग, दारं-खिडक्या ५ लाख. एकूण १४. म्हणजे १२ चा आकडा चुकीचाच होता.

पूररेषेच्या नकाशात घर निळ्या रेषेच्या बाहेर आहे.

प्रॉपर्टी कार्डावर मालकांच्या दोन बहिणींची नावं आहेत, शाखाधिकारी काकांनी म्हटलं तसं. एक इचलकरंजीत, एक पुण्यात. मालक म्हणाले दोघी सही करतील.

आता विचार असा आहे की कर्ज फक्त त्या ९ लाखांच्या कामासाठी काढायचं. ५ लाखांचं पुढं बघू. आणि इंजिनिअरचा रिपोर्ट दाखवून किंमत कमी करायला सांगायची.

जमाखर्च
९ लाख, ९ टक्के, १० वर्षं : हप्ता ११,४०१. एकूण ४१,०९२. आधीपेक्षा ३,८०० कमी, आणि राहायला गेलात की ११,००० भाडं सुटेल. खरा कठीण काळ काम चालू असतानाचा. भाडंही आणि खरेदीचा पूर्ण हप्ताही. दुरुस्तीच्या कर्जाचं तेव्हा बहुतेक बँका उचललेल्या रकमेवरचं व्याजच घेतात, पण पावसाळा मधे आला तर काम लांबतं. तेवढ्या महिन्यांचे पैसे त्या ४ लाखांतून बाजूला काढून ठेवा.

मुदतीचंही बघा. १२ लाखांचा हिशेब देतो, ९ टक्क्यांनीच. ७ वर्षांत फेडले तर एकूण १६.२२ लाख जातात, १० वर्षांत १८.२४ लाख, २० वर्षांत २५.९१ लाख. बँक म्हणेल खरेदीच्या कर्जातच मिसळू, २० वर्षं करू, हप्ता हलका. तो हलका हप्ता कितीला पडतो ते या आकड्यांत आहे. वेगळं ठेवा. बदलत्या व्याजदराचं असेल तर मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही, बोनस आला की भरा. परसबागताईंची बोनसची पद्धत इथं कामाला येते.

परसबाग
९ लाखांचं मला पटतं. फरशी-रंगाला कर्ज नाही ना, मग ठीक आहे. सासूबाईंना खालचं मधलं घर द्या, जिना चढायला लावू नका.

निवृत्त_शाखाधिकारी
मंजुरी थोडी जास्तीची, म्हणजे ११ लाखांची घेऊन ठेवा, उचला लागेल तेवढीच. भिंत उतरवताना नेहमी आणखी काहीतरी निघतं आणि मधेच वाढीव कर्ज मागायला गेलं की सगळे कागद पुन्हा. प्रक्रिया शुल्क मंजूर रकमेवर लागेल, ते थोडं जास्त जाईल. चालेल.

बहिणी सही करतील या तोंडी शब्दावर संचकार देऊ नका. दोघींना संचकारपत्रावरच सही करू दे.

माडीवरची
काका, एक शेवटचं. कंत्राटदार म्हणतो निम्मे पैसे रोख द्या, बिल नको, त्यात तुमचे जीएसटीचे पैसे वाचतात. आणि संचकार ५ लाखांचा मागतात मालक. कर्ज नाही मंजूर झालं तर?

निवृत्त_शाखाधिकारी
बिलाशिवाय बँकेचा पुढचा टप्पा सुटणार नाही, आणि जमाखर्चांनी सांगितलेली वजावटही जाईल. बिल देणारा कंत्राटदार बघा.

संचकार ५ नको, १ किंवा २ लाखांवर आणा आणि चेकनं द्या. संचकारपत्रात स्पष्ट लिहून घ्या की ठरलेल्या मुदतीत बँकेनं टायटल (मालकी हक्क) किंवा मूल्यांकनाच्या कारणानं कर्ज नाकारलं तर संचकाराची पूर्ण रक्कम परत मिळेल. मुदत ९० दिवसांची ठेवा, ४५ नको. बहिणींपैकी कुणी आजारी पडलं तरी तेवढ्यात जमतं. संचकारपत्र नोंदणीकृत करा. मसुदा तुमच्या वकिलानं करायचा, मालकाच्या नाही.

ओळंबा
आणि काम दिवाळीनंतर सुरू करा. पावसाच्या आधी कौलं चढलेली पाहिजेत. किंमत उतरवायला बसाल तेव्हा इंजिनिअरला बरोबर न्या, मागची भिंत त्यांच्या तोंडून ऐकली की मालक ऐकतात.

माडीवरची
रविवारी दोघी बहिणी घर बघायला येतायत, तेव्हाच बसणार आहोत. ३९ लाखांपर्यंत आलं तर घेऊ. काय ठरलं ते इथंच लिहिते.